कुर्डुवाडी जंक्शन, लीड्स

बागेत रेल्वे टाकायची तर पहिल्यांदा पाणी लागतं. इंजिनासाठी नव्हे, लेव्हल काढण्यासाठी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक घराच्या पायरीशी कुणाला तरी धरायला लावायचं आणि दुसरं घेऊन कुंपणाशी जायचं. आपल्याकडचे गवंडी वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत आणि लेसरच्या जमान्यातही त्यात खोट निघालेली नाही. लीड्स हे चढउतारांचं गाव. आमच्या घरामागची बाग ११ मीटर लांब, ७ मीटर रुंद. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली तर सपाट वाटते. नळीने सांगितलं की कुंपणापर्यंत जमीन ६० सेंटिमीटर खाली गेली आहे. म्हणजे साधारण अठरास एक. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या गाडीचा कठीण चढ वीसास एक आहे. आमची बाग माथेरानच्या घाटापेक्षा उभी निघाली.

बागेतल्या छोट्या इंजिनाला शंभरास एक चढ चालतो, पन्नासास एकवर त्याचा कस लागतो. पण खरी काळजी चढाची नसतेच, उताराची असते. चढावर इंजिन दमून थांबतं, एवढंच. उतारावर मात्र वाफेचं इंजिन मागच्या डब्यांच्या रेट्याने सुसाट सुटतं आणि पहिल्या वळणावर आडवं होतं. तेव्हा ठरवलं, जमीन उतरते तर उतरू दे, रूळ एकाच पातळीत ठेवायचे. घराशी रूळ जमिनीलगत आणि कुंपणाशी गुडघ्याच्या वर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे सोयीचंच पडलं. निम्मं काम वाकून आणि निम्मं स्टुलावर बसून करता आलं.

मी मूळचा बार्शीचा. मुंबईहून येणाऱ्या मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचं, ट्रंक आणि वळकटी घेऊन पलीकडच्या फलाटावर पळायचं आणि तिथे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत खिडकीची जागा धरायची, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलेलं होतं. तिचं नाव बार्शी लाइट. कंपनी जाऊन सरकार आलं, १९५४ साली ती सरकारने घेतली, तरी लोकांच्या तोंडी बार्शी लाइटच राहिली. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. गाड्या वेगात जातात, वेळेवर पोचतात, तक्रारीला जागा नाही.

नोकरीनिमित्त लीड्सला आलो तेव्हा या गावाचा आणि बार्शीचा काही संबंध असेल असं स्वप्नातही नव्हतं. एका रविवारी मुलीला घेऊन आर्मली मिल्समधलं औद्योगिक संग्रहालय बघायला गेलो. तिथे लीड्सच्या कारखान्यांत घडलेली लहानमोठी इंजिनं उभी आहेत. शहराच्या दक्षिणेला हन्सलेट नावाचा भाग आहे. तिथे एके काळी इंजिनं बनवणारे कारखाने एकमेकांना खेटून होते : किटसन, मॅनिंग वॉर्डल, हडसवेल क्लार्क, हन्सलेट इंजिन कंपनी. बार्शी लाइटची पहिली इंजिनं किटसनची. म्हणजे माझ्या गावाला ज्या इंजिनांनी पहिल्यांदा रेल्वे दाखवली, ती माझ्या आताच्या घरापासून बसच्या अंतरावर घडली होती. एवढंच नव्हे, बार्शीला पाठवायच्या गाड्यांची चाचणीसुद्धा लीड्सजवळच्या न्यूले या ठिकाणी खास रूळ टाकून घेतली होती. न्यूलेवरून मी रोज कामाला जातो.

या सगळ्यामागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. आधी तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. त्याचं म्हणणं असं की जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथे स्वस्तात रेल्वे नेता येते, पण स्वस्त म्हणजे कशीतरी नव्हे. रूळ हलके घ्या, पण मग प्रत्येक आसावर पडणारं वजन ठरवून बांधून घ्या. बार्शी लाइटवर यार्डाला ३० पौंडांचे रूळ होते आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही, अशी सगळी गाडी बेतलेली होती. इंजिनाचं वजन वाटून देण्यासाठी चालती चाकं चार जोड्या आणि मागे आणखी दोन जोड्या. मालाचे डबेही भरल्यावर त्याच हिशेबात बसायचे. एकही आस आळशी नाही आणि एकावरही जुलूम नाही. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. कॅलथ्रॉप मोठा हरहुन्नरी माणूस. अरबी घोडे पाळायचा आणि उतारवयात विमानांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री त्याने काढली. बार्शीत त्याच्या नावाचा साधा चौकही नाही, याचं मला नवल वाटतं.

तर बागेत रेल्वे करायची आणि ती बार्शी लाइटच करायची, हे ठरलं. लगेच मापाची अडचण आली. इंग्लंडमध्ये बागेतल्या नॅरोगेजचं रूढ माप आहे फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे एकोणिसास एक. दोन फुटी रूळ या मापात बरोबर ३२ मिलिमीटरचे होतात, आणि ३२ मिलिमीटर हे जुन्या ‘ओ’ गेजच्या खेळण्यातल्या गाड्यांचंही माप असल्यामुळे त्या रुळांचा पुरवठा कधी तुटला नाही. दुसरं माप जर्मनीचं. न्यूरेम्बर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी नावाने बागेतल्या गाड्या काढल्या, त्या ४५ मिलिमीटरवर धावतात. बार्शी लाइट होती अडीच फुटी. फुटाला १६ मिलिमीटरने तिचे रूळ होतात ४० मिलिमीटरचे. ना ३२, ना ४५. चाळीसचे रूळ आयते मिळत नाहीत. एकेक रूळ स्वतः लाकडी स्लीपरवर ठोकणारे खटपटे लोक इथे आहेत, पण त्यांना नोकरी नाही किंवा संसार नाही किंवा दोन्ही नाही. मी ३२ मिलिमीटर घेतलं. मापाने बघाल तर ती माथेरानची गाडी, कारण माथेरान खरोखरच दोन फुटी आहे. पाटीवर मात्र बार्शी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी अट घरातून आली. बायको म्हणाली, “अहो, गाडी कुठूनही न्या, माझ्या मेथीच्या वाफ्याला हात लावायचा नाही.” बागेत दुपारचं ऊन नीट पडतं अशी ती एकच जागा. तिथे मे ते सप्टेंबर मेथी आणि कोथिंबीर होते, त्यामुळे युक्तिवादाला वाव नव्हता. भूसंपादन तिथेच थांबलं आणि रुळांना एक जास्तीचं वळण मिळालं. आता पाहुणे येतात ते त्या वळणाचंच कौतुक करतात.

पहिल्या टप्प्यात साधा लांबट गोल टाकला. १५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात विटांचे तुकडे भरले, धुमसाने चोपले आणि त्यावर काँक्रीटचे ब्लॉक आडवे निजवले. इथला ब्लॉक ४४ सेंटिमीटर लांब, साडेएकवीस रुंद आणि दहा जाड. रुंदी रुळांना आणि दोन्ही बाजूंच्या खडीला नेमकी पुरते. कुंपणाकडच्या भागात ब्लॉकचेच खांब उभे केले. पातळीच्या बाबतीत मी हट्टी होतो. दोन ब्लॉकांच्या सांध्यात दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी डबा तिथे मान हलवतो, आणि उंच अरुंद नॅरोगेज डब्याला मान हलवणं मानवत नाही. प्रत्येक ब्लॉकखालून पाणी निघून जाईल अशी वाट ठेवली. पाणी अडलं की थंडीत गोठतं, गोठलं की फुगतं, आणि मग ब्लॉक वर उचलला जातो. आपल्याकडे रुळांचा शत्रू पावसाळा, इथे जानेवारी.

रूळ पीको कंपनीचे, यार्डभर लांबीचे, हाताने हवे तसे वाकवता येणारे. त्यांची उंची जेमतेम पाच मिलिमीटर. वळणाची त्रिज्या कुठेही सव्वा मीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही. इंजिन याहून आवळ वळणावरूनही जातं, पण लांब डबे तिथे कोपरं काढतात. दोन रुळांमध्ये सांध्याशी मिलिमीटरभर जागा सोडायची. हिशेब केला तर यार्डभर रूळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात जाताना अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण तशा वीस रुळांची वाढ एकत्र झाली आणि तिला वाव नसला तर रूळ बाजूला फुगा काढतात. रूळ ब्लॉकला घट्ट स्क्रूने आवळायचे नाहीत, हे त्यासाठीच. नुसते जागेवर धरून ठेवायचे.

खडीसाठी कोंबड्यांना घालतात ती बारीक दगडी कच आणली. चार भाग कच, एक भाग कोरडं सिमेंट, दोन्ही मिसळून स्लीपरांमध्ये ब्रशने सारखं करायचं आणि वरून फवारणीच्या बाटलीने हळूहळू भिजवायचं. दुसऱ्या दिवशी घट्ट होतं. लांबून खरी खडी वाटते, आणि जवळूनही बऱ्यापैकी वाटते. गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्याच्या हलणाऱ्या जिभांजवळ मात्र सिमेंटचा कणही जाऊ द्यायचा नाही.

असा फेरा साधारण १९ मीटरचा झाला. खरी गाडी ताशी २० किलोमीटरने जात असेल तर या मापात तिने ताशी जेमतेम एक किलोमीटर जायला हवं. त्या वेगाने एका फेऱ्याला मिनिटाहून थोडं जास्त लागतं. कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर खऱ्या मापात करायचं म्हटलं तर १ किलोमीटर ८०० मीटर रूळ लागले असते. आमची अख्खी आळी आणि पुढचं चर्च त्यात गेलं असतं.

इंजिनाच्या बाबतीत शेजारच्या गृहस्थांची मदत झाली. निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, आणि तरुणपणापासून वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर स्वयंसेवक. १८६५ सालची ती नॅरोगेज १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. त्या वेळी रूळ इतके कुजलेल्या स्लीपरांवर होते की गवतानेच त्यांचं माप धरून ठेवलं होतं, असं तिथले लोक अजून सांगतात. कुंपणावरून माझे ब्लॉक दिसायला लागल्यावर हे गृहस्थ एक दिवस आपणहून आले. मी टेबलावर ठेवलेल्या इंजिनाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जमिनीवर चक्क आडवे झाले, गाल रुळाला टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळावरून लांबवर बघत राहिले. मग बोटाने एक जागा दाखवली. मला उभ्याने तिथे काहीच दिसत नव्हतं. मीही आडवा झालो. तिथे रूळ खरोखर बसला होता, केसभर. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा तरी बागेत आडवा होतो. समोरच्या घरातल्या बाईंनी सुरुवातीला एकदा काळजीने बेल वाजवली होती.

माझं इंजिन राउंडहाउस कंपनीचं, ‘लेडी ॲन’ जातीचं, कुणीतरी वापरलेलं. कंपनी डॉन्कास्टरची, लीड्सहून फार लांब नाही. तीन जोडी चाकं, तांब्याचा बॉयलर, गॅसवर चालतं. ते पेटवण्याचा एक क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. आधी तेल. छोट्याशा टाकीत घट्ट, काळसर वाफेचं तेल भरायचं. या टाकीला ना पंप ना झडप. बॉयलरमधली वाफ तिच्यात शिरते, थंड होऊन तिचं पाणी होतं, पाणी तळाशी बसतं आणि तेल वर ढकललं जातं. वर आलेलं तेल वाफेबरोबर थेंबाथेंबाने सिलिंडरात जातं. फेरी संपल्यावर ते तळाचं पाणी काढून टाकायचं, एवढीच त्याची चाकरी. तेलानंतर बॉयलरमध्ये पाणी. मी गाळलेलं पावसाचं पाणी घालतो, त्याचा मात्र लीड्समध्ये तुटवडा नाही. सगळ्यात शेवटी गॅस. गॅस मुद्दाम पाण्यापेक्षा आधी संपेल इतकाच मावतो, म्हणजे बॉयलर कोरडा पडून जळत नाही. मग गॅसची झडप किंचित उघडायची आणि पेटती काडी धुराड्याच्या तोंडाशी धरायची. ज्योत धुराड्यातून आत पळते आणि घरातली शेगडी उशिरा पेटली की होतो तसा ‘भप्’ आवाज करून बर्नरवर जाऊन बसते. पाच-सात मिनिटांत काटा चाळीस पौंडांवर येतो. पहिल्या धक्क्याला धुराड्यातून तेलकट गरम पाण्याचे शिंतोडे उडतात, म्हणून चष्मा लावून आणि जुना शर्ट घालून उभं राहायचं. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं इंजिन आपलं आपण चालतं.

या खेळाची खरी मजा थंडीत. उन्हाळ्यात वाफ दिसतच नाही. बाहेर तीन-चार अंश तापमान असेल तर धुराड्यातून निघालेला पांढरा पट्टा सगळ्या गाडीवरून मागे जातो. मात्र त्याच थंडीत ब्यूटेन आळसावतो, शून्याच्या आसपास तर तो वायू व्हायलाच तयार नसतो. मग गॅसची टाकी कोमट पाण्यात ठेवून तिची मनधरणी करावी लागते.

गोल पुरा झाल्यावर मी त्यावर तीन पाट्या लावल्या : कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर. देवनागरीत, पिवळ्यावर काळी अक्षरं. त्या उन्हाळ्यात आई आली. खुर्ची टाकून बसली आणि गाडीचे दोन फेरे बघितले. तिसऱ्या फेऱ्याला म्हणाली, “आरं, बार्शीच्या म्होरं पंढरपूर कसं रं? मधी कुर्डुवाडी लागती की.”

“आई, गोल आहे तो. फिरून परत कुर्डुवाडीच येते.”

“मग लोकांनी बार्शीला न उतरता पंढरपूरला जायचं कसं?”

याला उत्तर नव्हतं. कुर्डुवाडीहून एक फाटा पूर्वेला बार्शी-लातूरकडे जातो, दुसरा दक्षिणेला पंढरपूर-मिरजेकडे. नकाशावर ते लहानपणापासून पाठ आहे. आषाढीला आमच्या घरचं कुणी ना कुणी त्या गाडीने जायचंच, आणि आत जागा नसली की टपावर बसून जायचं. पंढरपूरची पाटी त्याच संध्याकाळी काढली. रेल्वे वाढवण्याचं काम तिथून सुरू झालं.

वाढवणं हे नव्याने बांधण्यापेक्षा कठीण. चालू मार्गात सांधा बसवायचा म्हणजे बारीक दातांच्या करवतीने पक्के रूळ कापायचे, सिमेंट झालेली खडी छिन्नीने उडवायची, आणि नव्या सांध्याची पातळी जुन्या मार्गाशी केसभरही न चुकवता जुळवायची. कुर्डुवाडी जंक्शन अशा रीतीने जंक्शन झालं. फाटा निघाला, मेथीच्या वाफ्याला बाहेरून वळसा घालून कुंपणाच्या कडेने शेडमागे गेला. तिथे पंढरपूर.

या टप्प्यात ब्लॉक वापरले नाहीत, कारण कुंपणाशी जमीन भुसभुशीत आहे आणि सगळा मार्ग उंचावर हवा होता. खांब घ्यायचे तर लाकडाचे की प्लास्टिकचे, हा प्रश्न. लाकूड दिसायला छान आणि हाताळायला सोपं, पण जमिनीच्या पातळीशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही भेटतात तिथे, ते काही हिवाळ्यांत कुजतं. शेजाऱ्यांनी आपला मार्ग याच कारणासाठी उखडून पुन्हा बांधला होता. मी पुनर्वापराच्या प्लास्टिकचे खांब आणि पट्ट्या घेतल्या. कुजत नाहीत, पण उन्हात वाढतात. तीन मीटरची पट्टी कडक उन्हात सेंटिमीटरभर लांबते. म्हणून स्क्रूसाठी गोल भोकं न पाडता लांबट खाचा पाडल्या, पट्टी वाढली तर स्क्रूखालून सरकू दे.

आणि पूल. दारापासून शेडपर्यंतची पायवाट नेमकी या फाट्याला आडवी जाते. वाळत घातलेले कपडे घेऊन येणाऱ्या माणसाने गुडघ्याएवढ्या रुळांवरून उडी मारावी, ही अपेक्षा कुठल्याही संसारात टिकणारी नाही. म्हणून तिथला पाऊण मीटरचा तुकडा उचलून बाजूला ठेवता येईल असा केला. दोन्ही टोकांना पितळेच्या खुंट्या आहेत, त्या बरोबर खाचेत बसल्या तरच रूळ रुळाला मिळतो. वाफेच्या इंजिनाला पूल नाही हे कळायचा काही मार्ग नाही. त्यामुळे नियम एकच : पूल काढला की त्याच्या जागी लाल फडकं लटकवायचं आणि फडकं असताना इंजिन पेटवायचं नाही. आईला फोनवर पुलाचं सांगितलं तर ती म्हणाली, “पूल पायजेच. भीमा वलांडल्याबिगर पंढरपूर कसलं?”

कंपनीला बार्शीनंतर पंढरपूरपर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली. माझं काम त्याहून लवकर उरकलं. मिरज मात्र होणार नाही, जागा संपली.

हे सगळं बांधून झालं की सुटलो, असं वाटत असेल तर तसं नाही. मला विचाराल तर ही हौस इंजिनाची नाहीच, रुळांची आहे. इंजिन अर्धा तास चालतं, कपाटात जातं. रूळ बारा महिने बाहेर. कुर्डुवाडीला लहानपणी हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून रुळांमधून चालत जाणारा कीमन रोज दिसायचा. हा माणूस चालतो तरी कशासाठी, असं तेव्हा वाटायचं. आता शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी तेच करतो. रात्रीतून गोगलगायी रुळांवरून फिरून गेलेल्या असतात. त्यांचा चिकट माग राहिला की चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून रूळ पुसायचे. काळा कस्तूर हा पक्षी गाण्यात कितीही गोड असो, किड्यांच्या शोधात शेवाळ आणि पालापाचोळा उकरून दोन्ही बाजूंना उधळतो, आणि त्यातला अर्धा रुळांवर येतो. खारी सांध्याच्या जिभेखाली फळांच्या बिया दडवतात. एक बारीक पानांची सरपटणारी वनस्पती आम्ही शोभेसाठी लावली होती. तिने स्लीपरांमधून वाट काढून पंढरपूर ताब्यात घेतलं. तिच्याशी वाटाघाटी चालू आहेत. थाइम मात्र गुणी झाड, वाढतं तेवढं कातरलं तरी तक्रार नाही, आणि या मापात ते हुबेहूब झुडूप दिसतं.

मध्यंतरी स्टॅफर्डशायरला जाऊन आलो. बार्शीनंतर कॅलथ्रॉपने तिथे लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. तिची इंजिनंही किटसनचीच आणि त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे भलेमोठे दिवे होते, ज्यांचा त्या डोंगराळ खोऱ्यात काही उपयोग नव्हता. आता त्या मार्गावर पायवाट आहे. सायकलवाले जातात, लोक कुत्री फिरवतात. वॉटरहाउसेसपासून हल्म एंडपर्यंत चाललो. वळणं सौम्य आहेत, चढ जाणवतही नाही. त्या माणसाला जमीन वाचता येत होती.

सध्या डब्यांचं काम हातात आहे. प्लायवूडचे सांगाडे तयार आहेत, चाकंही बसवली आहेत. अडलं आहे ते आतल्या बाजूला. मला आठवतात ती बाकं आडवी, रेल्वेच्या साध्या डब्यात असतात तशी. आई म्हणते, बाकं खिडक्यांखालून लांबीला होती आणि मधल्या मोकळ्या जागेत लोक गाठोड्यांवर बसायचे. कदाचित आम्ही दोघं वेगवेगळ्या डब्यांत बसलो असू. बाहेरच्या रंगाबद्दलही आमचं एकमत नाही. पुस्तकांत इंजिनांची चित्रं आणि मोजमापं भरपूर सापडतात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आत कसं दिसायचं, हे लिहून ठेवावं असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

म्हणून ही विनंती. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, सांगोला, मिरज या भागातल्या कुणाच्या घरी बार्शी लाइटचा जुना फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा, वारीचा, बदलीच्या निरोपाचा, कसलाही, आणि त्यात डब्याचा थोडासा जरी भाग आला असेल, तर त्याची प्रत संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. डब्याशेजारी माणूस उभा असेल तर फारच उत्तम, त्याच्या उंचीवरून खिडकीचं माप काढता येतं. ज्यांच्या घरात कुणी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये किंवा गाडीवर नोकरीला होतं, त्यांनी बाकांचं आणि रंगाचं काय आठवतं ते दोन ओळींत कळवलं तरी चालेल. तोवर डबे रंगवायचे थांबवले आहेत.